परत गेलो असतो तर
(अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं छाटून)

मंडळी, नमस्कार. मला दहा मिनिटं दिली आहेत. मी स्वतः या मंडळाचा अध्यक्ष होतो, त्यामुळे मंडळातली दहा मिनिटं केवढी असतात ते मला ठाऊक आहे. आपलं सात वाजताचं नाटक आठला सुरू झालं तर आपण वेळेवर म्हणतो.

संक्रांत आली की आमच्या घरी एक वाक्य हमखास निघतं: "तेव्हा परत गेलो असतो तर..." पुढचं तुम्हीही म्हणू शकाल. बाणेरला नुसतं गवत होतं तेव्हा घेतला असता फ्लॅट. पोळ्यांना बाई असत्या. आई-बाबा हाकेच्या अंतरावर. त्या पुण्यात ट्रॅफिक नाही, पाणीकपात नाही आणि मी रिटायर होईपर्यंत बारीक आहे! परवा मी हे सगळं ऐकवत होतो, तर आमची कन्या ताटातून मान वर न करता म्हणाली, "बाबा, तू परत गेला असतास तर मी नसते ना? मग ते जग तुला इतकं चांगलं का वाटतं?"

बायको म्हणाली, "दे आता उत्तर." मी वरण वाढून घेतलं.

हे तिला सुचलं कुठून? नारळीकरांमुळे, म्हणजे माझ्याचमुळे. मे २०२५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार जयंत नारळीकर सर गेले, तेव्हा आपल्या ग्रुपवर दिवसभर श्रद्धांजल्यांचा पाऊस होता. पण आपल्यापैकी किती जणांनी त्यांची एक तरी गोष्ट मुलांना वाचून दाखवली? हात वर करू नका, मोजायला फार वेळ लागणार नाही. मीही आळशीच. 'गंगाधरपंतांचे पानिपत' वाचून दाखवायचं सोडून भाच्याच्या अकरावीच्या एनसीईआरटी पुस्तकातलं तिचं इंग्रजी रूप, 'द ॲडव्हेंचर', लेकीच्या फोनवर पाठवून दिलं.

१४ जानेवारी १७६१. विश्वासरावांना गोळी लागली, भाऊ हत्तीवरून उतरले, आणि पुढचं तुम्हाला पाठ आहे. गोष्टीत ती गोळी कानाजवळून निघून जाते, मराठे जिंकतात, आणि इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे त्या जिंकलेल्या जगात जाऊन पडतात. आपल्याला काय वाटतं? आता पंत फेटा उडवणार. पण पंत मुंबईत उतरतात तर तिथे अजून ईस्ट इंडिया कंपनीचं बस्तान. ते मुलाच्या ऑफिसात जाऊन त्याची चौकशी करतात. स्वागतिका टेलिफोनची यादी बघून सांगते, या नावाचं इथे कोणी नाही. पानिपत जिंकलं, पण पोराचा पत्ता नाही. मी ती गोष्ट कितीदा वाचली असेल, पण दरवेळी लढाईपाशीच रेंगाळलो. लेकीने पहिल्याच वाचनात त्या यादीवर बोट ठेवलं.

मला मात्र आझाद मैदानाचा प्रसंग फार आवडतो. तिथे व्याख्यान चालू असतं आणि अध्यक्षाची खुर्ची रिकामी! लोकांनी परिचय, आभार, अध्यक्षीय समारोप हे सगळं केव्हाच बंद केलेलं असतं. पंतांना ते बघवत नाही. आपल्या जगात शेकडो सभांचं अध्यक्षपद भूषवलेला माणूस तो, सरळ व्यासपीठावर चढून बोलू लागतो. श्रोते टोमॅटो आणि अंडी फेकून मारतात. आपल्या कार्यकारिणीने हा भाग जरूर वाचावा. आज स्टेजवर सात खुर्च्या आहेत.

या कल्पनेमागे शास्त्रही आहे. प्रिन्स्टन आपल्या न्यू जर्सीतच. ह्यू एव्हरेटने तिथे १९५७ मध्ये पीएचडीसाठी मांडलं की क्वांटम पातळीवर जेवढ्या शक्यता असतात त्या सगळ्याच घडतात. आपण त्यांपैकी एकीतच असतो, म्हणून बाकीच्या आपल्याला दिसत नाहीत. त्याच वर्षी नारळीकर बनारसहून बीएस्सी होऊन केंब्रिजला निघाले. आणि १९७२ मध्ये केंब्रिज सोडून मुंबईला, टीआयएफआर या संशोधन संस्थेत परतले. आपण ज्या फाट्यावर ग्रीनकार्डचा फॉर्म भरत बसलो, तिथून ते दुसऱ्या वाटेने गेले. नंतर त्यांच्या पुढाकाराने पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली.

म्हणून 'परत गेलो असतो तर' हा प्रश्न खोटा आहे असं मी म्हणणार नाही. बाबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा मी नेवार्कला विमानाची वाट बघत होतो. ज्या जगात मी त्यांच्या उशाशी आहे ते जग मला हवंच आहे, लेक काहीही म्हणो. पण आपण ते मुलांसमोर किती सहज बोलतो! पोरं मान खाली घालून जेवतात आणि आपल्याला वाटतं, त्यांना मराठी कळत नाही. एवढं तर त्यांना कळतंच. बाहेर जिममध्ये फोन घेऊन बसली आहेत, विचारा त्यांना.

शेवटी मी लेकीला म्हणालो, "तू ज्या जगात आहेस तेच माझं." ती खूश झाली, मीही झालो. रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला. तिने नेहमीचं विचारलं, "कधी येतोस रे कायमचा?" लेक शेजारीच बसली होती, माझ्या तोंडाकडे बघत. मी म्हणालो, "आई, आवाज तुटतोय."

आवाज अगदी स्पष्ट येत होता. त्या दोघींसमोर एकच उत्तर देणं तुमच्यापैकी कोणाला जमलं असेल, तर जेवणाच्या रांगेत मला गाठा.