नवं सुचायला हवं, तर काम कसं द्यावं?

श्रोतेहो, नमस्कार. पणजीतला जाहिरातीचा स्टुडिओ असो, वेर्ण्याच्या कारखान्यातला पॅकेजिंग विभाग असो की म्हापशातलं चार माणसांचं डिझाईनचं ऑफिस, कल्पक माणसाचा उत्साह टिकतो किंवा विझतो तो काम देण्याच्या पद्धतीवर. बक्षीस जाहीर करून तो येत नाही.

1962 साली मानसशास्त्रज्ञ सॅम ग्लक्सबर्ग यांनी लोकांना मेणबत्ती, काड्या आणि टाचण्यांनी भरलेला खोका दिला. मेणबत्ती भिंतीवर लावायची होती. खोका रिकामा करून तोच भिंतीला टाचायचा, ही त्यातली युक्ती. पैशांचं आमिष दाखवलेल्यांना ती सुचायला जास्त वेळ लागला. टाचण्या खोक्याबाहेर ठेवल्या, वाट उघड दिसू लागली, तेव्हा मात्र बक्षीसवालेच पुढे गेले. म्हणून ठरलेल्या चाकोरीतल्या कामाला इन्सेन्टिव्ह जरूर द्या. नवी कल्पना हवी असेल तिथे नको. पगार मात्र चोख आणि वेळेवर हवाच.

आता ब्रीफ, म्हणजे काय करायचं ते डिझायनरला सांगणारा कागद. ते एका पानात बसवा. समजा, काजूगरांचं नवं पाकीट करायचंय. घेणारा कोण, पर्यटक की इथला माणूस? पाकिटाने कोणती एकच गोष्ट सांगायची? निव्वळ वजन, एमआरपी, अन्न परवान्याचा 14 अंकी एफएसएसएआय क्रमांक, शाकाहाराची हिरवी खूण यांना हात लावायचा नाही, हेही लिहा. आणि शेवटचा होकार कोणाचा? हे लिहायचं बहुतेक ठिकाणी राहून जातं. मग तिघे तीन दुरुस्त्या पाठवतात, एकीने दुसरी खोडली जाते, आणि डिझायनर विचार करणं सोडून सांगाल तेवढंच करू लागतो. दुरुस्त्या एकाच व्यक्तीने गोळा करून एकदम द्याव्यात. ‘जरा उठाव आणा’ यातून त्याला काही कळत नाही. ‘तीन हातांवरून नाव वाचता येत नाही’, हे कळतं. अडचण तुम्ही सांगा, उपाय त्याच्यावर सोडा.

कल्पनांसाठी बैठक घ्याल, तर आधी दहा मिनिटं प्रत्येकाला गप्प बसून कागदावर लिहू द्या. साहेब पहिले बोलले की बाकीचे त्याच दिशेने जातात.

सकाळी दहा ते एक व्हॉट्सॲप आणि मीटिंगा बंद ठेवा. चतुर्थीच्या जाहिरातींचा मजकूर ग्राहकाकडून महिनाभर आधी मागून घ्या. आणि तयार काम ग्राहकापुढे मांडायला, ज्याने ते केलं त्यालाच पाठवा.