पाऊस ३००० मिलिमीटर, आणि चारा घाटावरून

चोर्ला घाट उतरून येणारा हा ट्रक बघा, वर ताडपत्री आणि खाली कोंबून भरलेला चारा, आणि हा सगळा माल आपल्याच सत्तरी-डिचोलीच्या गोठ्यांत उतरणार आहे. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. साताऱ्यातल्या माण तालुक्यात ५०० मिलिमीटर पडला तरी लोक वर्ष बरं गेलं म्हणतात. आणि तरीही फेब्रुवारी लागला की आपल्याकडे फोन सुरू होतात, पेंढा आहे काय, कुठे मिळेल, दर काय लावलाय.

कारण आपला पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्येच पडून जातो, जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार, तो धरून ठेवत नाही, आणि मग पुढचे सात-आठ महिने वरून काहीच नाही. चवथीला याच सड्यावर गुडघाभर गवत असतं, शिगम्यापर्यंत ते वाळून काडी झालेलं असतं, नाहीतर कुठेतरी वणवा लागून काळं पडलेलं. म्हणजे एप्रिल-मेमध्ये गाईच्या पोटाला विचारलं तर आपलं पेडणं काय आणि साताऱ्यातलं माण काय, फारसा फरक नाही. म्हणूनच कोरड्या भागातली माणसं चारा कसा सांभाळतात हे आपण नीट बघायला हवं असं आम्हाला मनापासून वाटतं.

तिकडे चाऱ्याचा विचार पेरणीपासूनच होतो. मालदांडी ज्वारी घ्या. मोहोळच्या केंद्रात १९३० च्या दशकात निवडलेलं हे वाण अजून टिकून आहे ते नुसत्या भाकरीसाठी नाही, उंच वाढणाऱ्या, गोड कडब्यासाठी पण आहे. दाणा घरात, कडबा गंजीत. पण गेल्या काही दशकांत ज्वारी कमी होत गेली, तिच्या जागी सोयाबीन आलं, पाणी पोचलं तिथे ऊस आला, आणि ज्वारीबरोबर कडबा पण गेला. मग १९७२ सारखं, २०१२-१३ सारखं, २०१८-१९ सारखं दुष्काळी वर्ष आलं की गुरं छावणीत, म्हणजे चारा-पाणी देणाऱ्या तात्पुरत्या तळावर. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने छावणी चालवली होती, माणसं घर सोडून जनावरांबरोबर तिथेच राहायला आली होती. छावणीने गुरं वाचतात, त्याबद्दल वाद नाही. पण छावणी उघडते तेव्हा टंचाई आधीच दारात आलेली असते, चारा लांबून आणावा लागतो, आणि बऱ्याचदा मिळतं ते उसाचं वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला. नुसत्या वाढ्यावर जनावर फार दिवस ठेवलं तर त्यातल्या ऑक्झलेट नावाच्या घटकामुळे अंगातलं कॅल्शियम कमी होतं, म्हणून त्याच्यासोबत मिनरल मिक्श्चर द्यावंच लागतं.

खरा चारा साठवायचा तो भरल्या वर्षात, भरल्या महिन्यात. मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवून टिकवलेला हिरवा चारा, तो यासाठीच. मका चिकात आला, म्हणजे दाण्यात दुधासारखा चीक भरला, की कापायचा, कुट्टी करायची एक-दोन सेंटिमीटरची, मग खड्ड्यात किंवा बॅगमध्ये थर देऊन तुडवून तुडवून भरायचं, हवा अजिबात राहता कामा नये, तोंड घट्ट बंद, आणि दीड महिना हात लावायचा नाही. हिशोब पण सोपा आहे. एका गाईला रोज १५ किलो, फेब्रुवारी ते मे १२० दिवस, म्हणजे १८०० किलो, थोडी नासाडी धरली तर २ टन. एका घनमीटरमध्ये साधारण ५०० किलो बसतं, म्हणजे दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर उंच एवढ्या जागेत एका गाईचा उन्हाळा मावतो. सोबत सुका चारा आणि पेंड लागणारच, पण हिरव्याची चिंता मिटली.

आता हे जसंच्या तसं गोव्यात उचलून चालणार नाही. आपल्याकडे जमिनीत खड्डा केला तर पावसाळ्यात पाणी झिरपतं आणि सगळं कुजतं, त्यामुळे बॅग किंवा जमिनीवर बांधलेला हौदच बरा. मक्याऐवजी आपल्याकडे नेपियर हा उंच वाढणारा गवताचा चारा आहे, पावसात तो एवढा वाढतो की कापून संपत नाही आणि मग जून होऊन वाया जातो. तोच मुरवायचा. फक्त त्यात साखर कमी आणि पाणी जास्त असतं, म्हणून कापल्यावर थोडा सुकवायचा आणि १०० किलोला एक-दोन किलो गूळ पाण्यात विरघळवून शिंपडायचा.

भाताचा पेंढा तर आपल्याच शेतातला, पण हार्वेस्टर आल्यापासून तो शेतातच विखुरतो आणि अवकाळी पावसात भिजून काळा पडतो. हे नुकसान बघवत नाही. जो कोरडा हाती लागतो त्यालाच चांगला करता येतो, १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया साधारण ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरावर शिंपायचा, दाबून प्लास्टिकने झाकायचं, २१ दिवस. पेंढा मऊ होतो आणि त्यातलं प्रोटीन जवळजवळ दुप्पट होतं. उघडल्यावर तासभर वारा लागू द्यायचा, मग घालायचा. सहा महिन्यांखालच्या वासरांना द्यायचा नाही, आणि ते युरियाचं पाणी गुरांच्या तोंडी लागेल असं कुठे ठेवायचंच नाही, ते विष आहे.

हायड्रोपोनिक, म्हणजे मातीशिवाय नुसत्या पाण्यावर उगवलेल्या चाऱ्याबद्दल पण बोलायला हवं, कारण जुने गोव्यातल्या आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) संस्थेने त्यावर बरंच काम केलंय. एक किलो मक्यापासून आठवड्याभरात पाच-सहा किलो हिरवा चारा उगवतो. पण तो वाढलेला भार पाण्याचा असतो, सुकवून तोलला तर मूळ मक्याएवढंच, कधी थोडं कमीच भरतं. ज्याच्याकडे गुंठाभर पण जमीन नाही त्याला उपयोग आहे, टंचाईवरचा उपाय म्हणून मात्र आम्ही तो सांगणार नाही. बिनकाट्याच्या निवडुंगाचंही तसंच, ब्राझीलच्या कोरड्या ईशान्य भागात लाखो गुरं त्याच्यावर उन्हाळा काढतात, पण त्यात ९० टक्के पाणी, सुक्या चाऱ्याशिवाय दिला तर जनावर पातळ शेण टाकतं.

एकट्याने कुट्टी मशीन घेणं दोन गाईवाल्याला परवडत नाही. गावच्या दूध सोसायटीने एक घ्यावं, सप्टेंबरच्या उघडिपीत वाड्यावाड्यावर फिरवावं. सड्यावरचं गवत पण फुलोऱ्यात असतानाच कापावं, बी पडल्यावर त्यात कस राहत नाही. आणि जानेवारीत बॅग उघडाल तेव्हा आधी वास घ्या, आंबट-गोड वास आणि पिवळसर हिरवा रंग म्हणजे जमलं. पहिले चार-पाच दिवस थोडंथोडं द्या, गाईला सवय होऊ द्या, रोज काढून झालं की तोंड परत घट्ट बांधा, आणि बुरशी दिसली तर तेवढा भाग काढून फेका, गाभण गाईला तर चुकूनही घालू नका.