इन्बाल: पत्र्याच्या डब्यावरून थेट न्यूयॉर्कच्या स्टेजवर

पत्र्याचा डबा आणि तांब्याचं ताट. येमेनमधल्या ज्यूंच्या लग्नात ताल धरायचा तो यावर. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याचा शोक म्हणून तिथल्या ज्यूंनी वाद्यं बाजूला ठेवली होती, पण लग्न म्हटलं की ताल हवाच ना, मग घरात हाताला लागेल ते घ्यायचं, बोटांनी वाजवायचं आणि रात्र रात्र गायचं. हाच ताल घेऊन एक डान्स ग्रुप पॅरिसला गेला, न्यूयॉर्कला गेला. नाव इन्बाल. १९४९ साली इस्रायलमध्ये सुरू झालेला हा ग्रुप, आणि त्याची गोष्ट सांगायची तर मुख्यतः दोन बायकांची सांगावी लागते. एक सारा लेवी-तनाई, जिने तो उभा केला. दुसरी मार्गालीत ओवेद, जी त्याचा चेहरा होती आणि पुढे काही काळ त्याची प्रमुखही झाली.

आधी सारा. त्यांचे आईवडील येमेनमधून जेरुसलेमला आलेले. साराचा जन्म तिथलाच, १९१०-११च्या सुमाराचा. मग पहिलं महायुद्ध आलं, तुर्कांची सत्ता, उपासमार, साथीचे रोग, आणि त्या धामधुमीत या लहान मुलीचं घरच संपलं. आई गेली, भावंडं गेली. ती वाढली अनाथाश्रमात, आधी सफेद नावाच्या गावी आणि नंतर मेईर श्फेया नावाच्या वसतिगृहात. आता ही गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. तिच्या आजूबाजूला जे होतं ते बहुतेक युरोपातून आलेल्या ज्यूंचं होतं, त्यांची गाणी, त्यांचे शिक्षक, त्यांचं नाटक. येमेनी गाणं आईच्या मांडीवर बसून शिकावं तसं तिला फार काही मिळालंच नाही. म्हणजे पुढे आयुष्यभर जिला 'येमेनी परंपरेची राखणदार' म्हणून ओळखलं गेलं, तिला ती परंपरा मोठेपणी, स्वतः जाऊन शोधावी लागली.

तेल अवीवला शिक्षिकेचं ट्रेनिंग घेऊन त्या बालवाडीच्या टीचर झाल्या. मुलांसाठी गाणी हवीत, सणावाराला छोटे कार्यक्रम बसवायला हवेत, तर त्या स्वतःच लिहायच्या, चाल लावायच्या, हातवारेही स्वतःच बसवायच्या. पुढे रमात हकोवेश नावाच्या किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वस्तीत, हेच मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. बायबलमधलं 'गीतरत्न' हे प्रेमकाव्य त्यांच्या फार जवळचं, त्यातल्या ओळींना त्यांनी चाली दिल्या, 'एल गिनात एगोझ' त्यातलीच एक. या चाली इस्रायलमध्ये इतक्या रुळल्या की लोकगीतांच्या आणि लोकनृत्यांच्या कार्यक्रमात त्या हमखास असतात. पण त्या एका माणसाने बसून रचलेल्या आहेत, हे सांगायला हवं.

१९४९-५०. ऑपरेशन मॅजिक कार्पेट. येमेनच्या दक्षिण टोकाच्या एडनहून विमानांच्या फेऱ्यांवर फेऱ्या, जवळपास ४९ हजार येमेनी ज्यू इस्रायलमध्ये आणले गेले. (आपल्याकडच्या लोकांसाठी सांगतो, हे एडन म्हणजे काही फार परकं ठिकाण नाही, १८३९ला इंग्रजांनी घेतल्यावर कितीतरी वर्षं त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालायचा आणि बाजारात आपला रुपया चालायचा.) हे लोक आले, तंबूंच्या छावण्यांमध्ये राहिले, आणि त्यांच्याबरोबर आलं त्यांचं गाणं. पुरुषांचं वेगळं, बायकांचं वेगळं. पुरुष 'दिवान' गायचे, शालोम शबाझी या सतराव्या शतकातल्या कवीच्या रचना, धार्मिक, आणि त्यावर नाच. बायकांची गाणी अरबीतली, कुठे लिहिलेली नाहीत, तोंडोतोंडी चालत आलेली, त्यात सासर, विरह, नवऱ्याची दुसरी बायको, सगळं.

साराने याच समाजातली तरुण पोरंपोरी जमवली. प्रोफेशनल डान्सर एकही नाही. आणि काम सुरू झालं.

आता या नाचाच्या पावलाकडे बघा, 'दआसा' म्हणतात त्याला. येमेनमध्ये हे एका छोट्या खोलीत व्हायचं, माणसं भिंतीला टेकून बसलेली, मधे दोन-तीन जणांपुरती जागा. त्यामुळे उडी मोठी नाही, हात लांब फेकायचे नाहीत. गुडघा मऊ सोडायचा, अंग वरखाली लवतं, पाय वाळूत पडल्यासारखा पडतो आणि लगेच उचलला जातो, आणि मनगटं, बोटं, मान, डोळे आपापलं बोलत असतात. साराने हे पाऊल घेतलं, पण जसंच्या तसं नाही घेतलं. तेच त्यांचं मोठेपण. त्यांनी ते खोलीतून काढून मोठ्या स्टेजवर आणलं, लांबवलं, कधी हळू केलं, कधी तोडलं. जिथे पुरुष आणि बायका वेगवेगळे नाचायचे तिथे त्यांना एकत्र उभं केलं. त्यावर दबोरा, रूथ, शबाची राणी अशा बायबलमधल्या कथा रचल्या. नाचणाराच गाणार, गाणाराच बोलणार. शब्द साराचे, चाली बऱ्याचदा साराच्या, नृत्यरचना साराची. ओवादिया तुव्या यांच्यासारखे संगीतकार सोबत होते, पण एकूण भाषा साराने घडवली. ही परंपरा जपणं नाही, परंपरेतून नवीन काहीतरी बनवणं आहे, आणि मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रॉडवेचे मोठे कोरिओग्राफर जेरोम रॉबिन्स इस्रायलला आले होते, तिथे कुठल्या कलेला अमेरिकेतून मदत द्यावी हे बघायला. बघितलं बरंच काही, पण जीव अडकला तो या नवख्या येमेनी पोरांच्या ग्रुपवर. त्यांचं म्हणणं पडलं की यांना मदत करा आणि आधी नीट ट्रेनिंग द्या. मग १९५३ला न्यूयॉर्कहून ॲना सोकोलोव आल्या, मॉडर्न डान्समधलं मोठं नाव, शिस्तीला एकदम कडक. अंग तयार कसं करायचं, वेळेवर यायचं, एकच हालचाल शंभरदा करायची, हे सगळं त्यांनी शिकवलं. यात धोकाही होताच, बाहेरचं टेक्निक अंगात मुरलं की आपला मऊ गुडघा ताठ व्हायला वेळ लागत नाही. पण साराने आपली शैली सोडली नाही, ट्रेनिंग घेतलं आणि रचना आपलीच ठेवली.

१९५७-५८मध्ये इन्बाल युरोप आणि अमेरिकेच्या दौऱ्यावर गेलं. अमेरिकेतला दौरा सोल ह्युरॉक यांनी ठरवला होता, त्या काळी जगभरातले बडे कलावंत तेच अमेरिकेत आणायचे. १९६२ला पॅरिसच्या 'थिएटर ऑफ नेशन्स' महोत्सवात साराच्या कोरिओग्राफीला बक्षीस मिळालं. पुढे हॉलिवूडच्या एका भव्य बायबलपटातही इन्बाल दिसलं.

आणि या सगळ्या वर्षांत स्टेजच्या मधोमध होती मार्गालीत. मूळची एडनची, किशोरवयात इस्रायलला आली आणि लगेचच ग्रुपमध्ये. हिचं वैशिष्ट्य असं की नाच, गाणं, ढोल आणि गोष्ट सांगणं हे तिच्याकडे वेगळं वेगळं नव्हतंच. मांडीवर ढोल घेऊन बसली की एका क्षणी म्हातारी व्हायची, पुढच्या क्षणी नवरी, आवाज घशातून, नाकातून, कुठून कुठून काढायची, आणि हात तेवढ्यात तिसरंच काही सांगत असायचे. साराच्या डोक्यात जे चालू होतं ते हिच्या अंगातून बाहेर यायचं असं म्हटलं तर चूक नाही, पण नुसती साराची बाहुली म्हणाल तर तेही खरं नाही, कारण मार्गालीत स्वतःच एडनच्या बायकांची गाणी, त्यांचे आवाज, त्यांच्या लकबी घेऊन आली होती, जे साराला लहानपणी मिळालं नव्हतं ते हिच्याकडे होतं. १९६०च्या दशकात ती अमेरिकेला गेली, लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटीत, यूसीएलएमध्ये, वर्षानुवर्षं शिकवलं, स्वतःची डान्स कंपनी काढली.

इकडे इस्रायलमध्ये वारं बदललं. १९६४ला बतशेव्हा डान्स कंपनी सुरू झाली, रॉथशिल्ड घराण्यातल्या बाईंचा पैसा, अमेरिकन मॉडर्न डान्सच्या मार्था ग्रॅहॅमचं मार्गदर्शन. उत्तम कंपनी, त्यात वाद नाही. पण तेव्हापासून 'आर्ट' म्हणजे ते आणि 'एथनिक' किंवा 'फोक' म्हणजे इन्बाल, अशी वाटणी पक्की होत गेली. अमेरिकन टेक्निकवर नाचलं की कला, येमेनी पावलावर नाचलं की लोककला. याला फक्त डान्स जबाबदार नव्हता, पूर्वेकडून आलेल्या ज्यूंकडे बघायची त्या काळची नजरच तशी होती. त्याच १९६४ साली आपले मराठी बोलणारे बेने इस्रायल 'पूर्ण ज्यू' आहेत हे तिथल्या संसदेला ठराव करून सांगावं लागलं होतं, दोनेक वर्षं आंदोलनं झाल्यावर. यावरून काय ते समजा.

सारा या शिक्क्याविरुद्ध आयुष्यभर भांडल्या. १९७३ला त्यांना इस्रायल प्राइझ मिळालं, देशाचा सर्वोच्च सन्मान, तरी शिक्का गेला नाही. नव्या रचना करत राहिल्या, १९८२ला पुन्हा गीतरत्नावरच मोठी कलाकृती बसवली, सत्तरी ओलांडलेली होती. पण पैसा कमी, प्रेक्षक कमी, ग्रुपमध्ये कुरबुरी, आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना स्वतःच्याच ग्रुपचं नेतृत्व सोडावं लागलं. चाळीस वर्षं चालवलेली गोष्ट अशी हातातून जाणं मला आजही टोचतं.

१९९४ला मार्गालीतला बोलावणं गेलं. ती आली, आर्टिस्टिक डायरेक्टर म्हणून. काम अवघड होतं, जुन्या रचना चालू ठेवायच्या, नवी पोरं ज्यांनी येमेन बघितलेलंच नाही त्यांना ते पाऊल शिकवायचं, आणि कंपनीत काय चाललंय तेही सांभाळायचं. दोनेक वर्षांतच ती त्या पदावरून बाजूला झाली. नंतर याच ग्रुपमध्ये वाढलेल्या इलाना कोहेन यांच्यासारख्या कलाकारांनी काम पुढे चालवलं.

पण त्या दोन वर्षांत एक वेगळीच गोष्ट झाली. मार्गालीतबरोबर तिचा मुलगा बराक मार्शल आला होता. डान्सचं रीतसर शिक्षण नाही. इस्रायलमध्ये आल्यावर त्याची मावशी वारली, आणि त्या दुःखातून १९९५ला त्याने पहिली रचना केली, मावशीच्याच नावाने. लोकांनी ती उचलून धरली, आणि काही वर्षांतच तो बतशेव्हाचा कोरिओग्राफर झाला. त्याच्या कामात बघा, हातांच्या भराभर खुणा, नाचता नाचता बोलणं, घोळक्याने सांगितलेली गोष्ट, लग्नं, नवऱ्या, भांडणं. त्याला कुणी फोक म्हणत नाही, कंटेम्पररी म्हणतात.

सारा लेवी-तनाई २००५ला गेल्या, नव्वदी पार करून. इन्बाल आजही तेल अवीवच्या नेवे त्सेदेक भागात, सुझान देलाल सेंटरच्या आवारात आहे, म्हणजे बतशेव्हा जिथे आहे त्याच आवारात. डान्सच्या इतिहासाच्या पुस्तकात मात्र सारांचं नाव अजूनही बऱ्याचदा लोकनृत्याच्या चॅप्टरमध्ये सापडतं. ते मॉडर्न डान्सच्या चॅप्टरमध्ये जायला हवं.