पॉवरलूमवरची चंद्रकोर

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांचा खडखडाट आणि तेलुगू बोली बरोबरच कानावर येतात. शहरात कन्नड बोलणारी घरंही पिढ्यान्‌पिढ्यांची. मागावरचे शब्द मात्र सगळ्यांचे एकच. कॉटन, डॉबी, जॅकार्ड, पॉवरलूम. मराठीत लिहायला घ्या, प्रत्येकाच्या डोक्यावर चंद्रकोर येते.

'जॅ' म्हणताना जबडा खाली जातो, ओठ फाकतात. 'डॉ' म्हणताना तेच ओठ गोल होतात. हे दोन्ही स्वर इंग्रजी शब्दांबरोबर आले. संस्कृतातून आलेल्या वर्णमालेत त्यांना जागा नव्हती. जुन्या मराठी छपाईत म्हणून 'ब्यांक', 'म्यानेजर', 'डाक्तर' असं दिसतं. कन्नड आणि तेलुगू लिपीत आजही 'ब्यांक' असंच लिहितात. हिंदीनं 'बैंक' केलं. मराठीनं चंद्र घेतला, आणि माझ्या मते कानाशी सगळ्यांत प्रामाणिक ती राहिली.

आता 'बँक' नीट पाहा. वर चंद्र, चंद्रात टिंब. हिंदीतल्या 'माँ'वर अगदी हीच आकृती असते, पण तिथे तो चंद्रबिंदू, एकच खूण. 'मा'चा उच्चार नाकातून करा, एवढंच तो सांगतो. आपल्या 'बँके'त दोन खुणा आहेत. चंद्र हा स्वर, टिंब हा अनुस्वार. टिंब काढलं तर 'बॅक' उरतं. चंद्र काढला तर 'बंक'.

शब्दाच्या सुरुवातीला हाच स्वर आला की मराठी तो 'अ'वर चढवते : ॲडव्होकेट, ॲम्ब्युलन्स. हिंदीच्या पद्धतीत तो 'ए'वर बसतो. मराठीचं हे अखंड 'ॲ' युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, यायला २००८ साल उजाडलं. पुढच्याच वर्षी, ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयातल्या वर्णमालेत 'ॲ' आणि 'ऑ' स्वरांच्या ओळीत बसले. पाहुणे घरचे झाले.

तरी टायपिंग करणारे पुष्कळजण 'बँक' लिहिताना हिंदीचा चंद्रबिंदू दाबून मोकळे होतात. फ्लेक्सवर फरक दिसत नाही. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. सोसायटीच्या सभासदांची यादी एका पद्धतीनं टाईप केलेली असेल आणि शोधणारा दुसऱ्या पद्धतीनं शोधत असेल, तर समोर असलेली नोंदसुद्धा सापडत नाही. आधी चंद्र, मग टिंब : टायपिंगच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात हे शिकवायला हवं.