दुकानाच्या छापाचं ऑरगॅनिक दूध कसं तपासायचं?

अमेरिकेतल्या मोठ्या दुकानात दुधाच्या कपाटात दोन-तीन नावाजलेले ऑरगॅनिक ब्रँड असतात आणि शेजारी दुकानाच्या स्वतःच्या नावाचं, जरा स्वस्त दूध. शिक्का दोन्हींवर एकच, यूएसडीए (अमेरिकेचं कृषी खातं) ऑरगॅनिकचा. पण दुकानाकडे गाई नसतात. ते दूध बहुतेकदा दुसरं कुणीतरी भरून देतं, आणि ते कुणी, हे खोक्यावर ठळक लिहायची सक्ती नाही. शिक्का खरा असतो, पण गोठ्याबद्दल तो फार थोडं सांगतो. बाकीचं आपल्यालाच शोधावं लागतं.

आधी शिक्क्याची हमी पाहू. चारा आणि खुराक ऑरगॅनिक. त्या जमिनीवर निदान तीन वर्षं निषिद्ध खतं-औषधं पडलेली नाहीत. दूध वाढवणारं संप्रेरक नाही. अँटिबायोटिक दिलेली गाय कळपातून बाहेर. मात्र शिक्का टिकवण्यासाठी आजारी गाईचं औषध रोखणं हासुद्धा नियमभंगच आहे. आणि २०१० पासूनचा चराईचा नियम: वर्षात किमान १२० दिवस चराई, आणि त्या हंगामात गाईच्या आहारातल्या शुष्क पदार्थापैकी (पाणी वगळून उरणारा भाग) सरासरी निदान ३० टक्के कुरणातून.

सगळी गोम या ३० टक्क्यांत आहे. ६०० किलोची दुभती गाय वजनाच्या साधारण साडेतीन टक्के, म्हणजे दिवसाला २१ किलो शुष्क पदार्थ खाते असं धरू. त्याचे ३० टक्के ६.३ किलो. हिरव्या गवतात शुष्क भाग जेमतेम पाचवा हिस्सा असतो, म्हणजे रोज ३१-३२ किलो ताजं गवत गाईने स्वतः चरून खायला हवं. हजार गाई असतील तर रोज तीसेक टन, आणि तेही धारा काढायच्या जागेपासून गाय चालत जाऊन परत येईल एवढ्या अंतरात. दिवसातून तीनदा दूध काढणाऱ्या गोठ्यात गाईला चरायला वेळ कधी मिळतो, हा पहिला प्रश्न तिथेच उभा राहतो.

बरं, चरलेलं गवत कुणी तोलत नाही. हिशोब वजाबाकीने होतो: गाईची गरज २१, गव्हाणीत घातलं १४.५, उरलं ६.५, म्हणून ते कुरणातलं. कागदावर ३१ टक्के, पास. पण गव्हाणीत प्रत्यक्षात १६ किलो पडत असेल तर कुरणाचा वाटा ५ किलो, म्हणजे २४ टक्क्यांच्याही खाली. दीड किलोच्या नोंदीवर सगळा निकाल फिरतो. म्हणून तपासनीस खाद्य खरेदीची बिलं, साठा आणि गाईंची संख्या एकमेकांशी ताडून पाहतो का, आणि येतो कोणत्या महिन्यात, याला महत्त्व आहे.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे कोलोरॅडोची अरोरा ऑरगॅनिक डेअरी. वॉलमार्ट, कॉस्टको, टार्गेट अशा दुकानांना त्यांच्या छापाचं दूध भरून देणारी ही कंपनी. २००७ मध्ये यूएसडीएने तिच्यावर १४ नियमभंगांचा ठपका ठेवून प्रमाणपत्र काढण्याचा प्रस्ताव दिला. शेवट झाला तडजोडीच्या करारावर, वर्षभराच्या देखरेखीसह. ग्राहकांचे दावे २०१२ मध्ये ७५ लाख डॉलरवर मिटले. २०१७ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने तिच्या १५ हजारांहून अधिक गाईंच्या गोठ्यावर चराईच्या हंगामात वेगवेगळ्या दिवशी नजर ठेवली, तेव्हा कुरणात फार थोड्या गाई दिसल्या. वार्षिक तपासणी झाली होती नोव्हेंबरात, चराईचा हंगाम संपल्यावर! कंपनीने आरोप नाकारले आणि यूएसडीएच्या चौकशीत पुढे ती नियमात बसते असंच ठरलं. नियमात बसणं आणि ग्राहकाच्या मनातलं कुरण यांत किती अंतर असू शकतं, ते इथे दिसतं.

त्यानंतर नियम कडक झाले. पूर्वी काही मोठे गोठे बाहेरच्या साध्या कालवडी आणून १२ महिने ऑरगॅनिक खाऊ घालायचे आणि कळपात मिसळायचे, पुन्हा पुन्हा. वासरू जन्मापासून ऑरगॅनिक वाढवणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला या स्पर्धेत टिकणं परवडण्याच्या बाहेरचं होतं. २०२२ च्या नियमाने कळपाचं असं रूपांतर एकदाच करता येतं. मार्च २०२४ पासून गोठे तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना दरवर्षी निदान ५ टक्के ठिकाणी न कळवता तपासणी करावी लागते. पाच टक्के फार नाहीत, पण शून्याहून बरे.

आता खोकं हातात घ्या. तारखेजवळ किंवा वरच्या घडीवर प्लांटचा आकडा छापलेला असतो. त्यातले पहिले दोन अंक राज्याचे: ०८ कोलोरॅडो, ०६ कॅलिफोर्निया, ३६ न्यूयॉर्क, ५५ विस्कॉन्सिन. पुढचा आकडा त्या प्लांटचा. तो सरकारी यादीत शोधला की भरणाऱ्याचं नाव मिळतं. ते नाव यूएसडीएच्या ऑर्गॅनिक इंटेग्रिटी डेटाबेसमध्ये टाका: प्रमाणपत्र चालू आहे का, कुणी दिलं, कोणत्या उत्पादनांसाठी, हे दिसतं. इथे दोन ठिकाणी गफलत होते. एक, प्लांटचा आकडा दूध कुठे भरलं ते सांगतो, कुठल्या गोठ्याचं ते नाही. एकाच प्लांटमध्ये महागडा ब्रँड आणि दुकानाचा छाप दोन्ही भरले जाऊ शकतात, पण म्हणून दूध एकच असेल असं नाही. दोन, ‘सर्टिफाइड ऑरगॅनिक बाय’ पुढे जी संस्था असते ती शेवटच्या भरणाऱ्याला प्रमाणित करणारी असते. मागच्या गोठ्यांची संस्था वेगळी असू शकते.

‘अल्ट्रा-पाश्चराइज्ड’ हा शब्दही पाहा. १३८ अंशांवर दोन सेकंद तापवलेलं हे दूध न उघडता कित्येक आठवडे टिकतं, त्यामुळे दूरच्या प्लांटमधून देशभर पाठवता येतं. (दही छान लागतं, पनीर मात्र मऊ पडतं.)

मग दुकानाला लिहून विचारा. चराईचे दिवस किती आणि कुरणाचा टक्का किती? ‘यूएसडीएच्या नियमांनुसार’ एवढंच उत्तर आलं, तर १२० आणि ३० ही किमान पातळीच समजा. तुलनेला, ऑरगॅनिकवर गवताहाराचं ओपीटी (ऑरगॅनिक प्लस ट्रस्ट) या संस्थेचं वेगळं प्रमाणपत्र १५० दिवस आणि ६० टक्के मागतं आणि धान्य मुळीच चालू देत नाही. कळप केवढा, चराईची जमीन किती एकर? गोऱ्ह्यांचं काय होतं? याबाबत ऑरगॅनिक नियम जवळजवळ गप्प आहे आणि बरेचसे साध्या बाजारात विकले जातात. ऑरगॅनिक ब्रँडना गुण देणाऱ्या कॉर्नुकोपिया या संस्थेच्या गुणपत्रिकेत दुकानी छाप अनेकदा तळाशी येतात ते प्रश्नांना उत्तरच न दिल्यामुळे. उलट काही दुकानी छापांचं दूध ऑरगॅनिक व्हॅलीसारख्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेकडूनही येतं, पण दुकान ते सांगत नाही तोवर त्याचं श्रेय त्याला कसं द्यायचं?

नावाजलेला ब्रँड म्हणजे शेतकऱ्याशी बरा, असंही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये होरायझन ब्रँडची तेव्हाची मालक दानोनने ईशान्येकडच्या ८९ शेतांचे करार संपवत असल्याचं कळवलं. शेतकऱ्याला भाव हंड्रेडवेटवर मिळतो: १०० पौंड, म्हणजे साडेअकरा गॅलनच्या आसपास. त्याला हंड्रेडवेटमागे दोन डॉलर जास्त मिळाले, तरी गॅलनमागे फरक पडतो साधारण १७ सेंटचा. तेव्हा दुकानाला आणखी एक विचारा: गोठ्यांशी करार किती वर्षांचा आहे, आणि तो मोडायचा तर नोटीस किती महिन्यांची?