कडक डोहाळे

कुकरची शिट्टी होते, भाताचा वास सुटतो आणि ती तोंडावर पदर धरून मोरीकडे धावते. पोटात अन्नाचा कण नाही. आधी पाणी पडतं, मग हिरवंपिवळं पित्त, मग नुसत्या कोरड्या उलट्या. लाळ गिळली तरी उमळून येतं, म्हणून उशाशी वाटी ठेवलेली. बाहेरच्या खोलीत मात्र कौतुक चाललंय, "कडक डोहाळे लागलेत हो!"

मळमळ बहुतेक गर्भवतींना होते. हा आजार त्यापलीकडचा: हायपरएमेसिस ग्रॅव्हिडॅरम. वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरतं, सलाईन लावावं लागतं. काही जणींची बाळंतपणापर्यंत सुटका नाही. थोरलं लेकरू कुशीत शिरतं, तर त्याच्या डोक्याच्या तेलाचा वासही सोसत नाही. त्याला दूर लोटावं लागतं. ते मात्र तिच्या मनातून जात नाही.

लंडनमधल्या रुग्णालयांत झालेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. हा आजार असलेल्या जवळपास निम्म्या स्त्रियांमध्ये गरोदरपणातच नैराश्य आढळलं. इतर गर्भवतींमध्ये ते सहा टक्के होतं. बाळंतपणानंतर उलट्या थांबतात. नैराश्य तेव्हाही २९ टक्के जणींमध्ये होतं. ब्रिटनमधल्या, हा आजार सोसलेल्या पाच हजारांवर स्त्रियांच्या पाहणीत निम्म्याहून जास्त जणींनी सांगितलं, की गर्भपाताचा विचार मनात येऊन गेला. चौघींतल्या एकीला अधूनमधून जीव द्यावासा वाटला होता.

आणि डॉक्टर काय म्हणायचे? हिला मूल नकोय, म्हणून ओकते. विसाव्या शतकात हे चक्क शास्त्र म्हणून चाललं!

अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ मार्लेना फेझो यांचं बाळ १९९९ मध्ये याच आजारात पंधराव्या आठवड्यात गेलं. लक्ष वेधून घ्यायला हे चाललंय, असं त्यांना ऐकवलं गेलं होतं. त्यांनी कारणाचा पिच्छा सोडला नाही. २०२३ मध्ये त्यांनी आणि केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की मूळ जीडीएफ१५ या संप्रेरकात आहे. गर्भ आणि वारेतून ते आईच्या रक्तात उतरतं. गरोदर राहण्याआधी जिच्या रक्तात ते कमी, तिला त्रास जास्त.

"आम्हालाही झाल्या होत्या उलट्या," असं सासूबाई म्हणतील. झाल्या असतील. पण पाणी टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गरोदरपणात देता येतील अशी उलटीची औषधं आहेत. मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीअपरात्री लागतो, आणि पलीकडून मराठीत बोलतात.