भंडारदऱ्याला या, पण मुक्कामाला या

नमस्कार श्रोतेहो. मी भंडारदऱ्याची. लग्न होऊन आले तेव्हापासून धरणाच्या काठालाच राहतेय, अकोले तालुका, आपला आत्ताचा अहिल्यानगर जिल्हा. आमच्या घरी पाहुणे मुक्कामाला असतात, जेवण आम्हीच करतो, त्यामुळे सुट्टीत इकडे काय बघायचं हे मला रोज कुणी ना कुणी विचारतंच, आणि आज रेडिओवर तेच सांगायला बोलावलंय.

तर बघा, शनिवारी सकाळी गाड्या येतात, धरणापाशी फोटो, मग रंधा धबधबा, मग अंब्रेला फॉल, म्हणजे धरणातून सोडलेल्या पाण्याचा छत्रीसारखा धबधबा, चालू असेल तर तिथे भिजणं, एक मक्याचं कणीस, आणि संध्याकाळी परत घोटीच्या ट्रॅफिकमध्ये. मला खरंच वाईट वाटतं हो. एवढ्या लांब आलात आणि जे बघायचं ते अंधार पडल्यावर किंवा पहाटे असतं, तेव्हा तुम्ही हायवेवर असता. म्हणून माझं पहिलं सांगणं एकच, किमान दोन रात्री राहा, आणि दोन्ही रात्री एकाच गावात राहा. शेंडी, मुरशेत, रतनवाडी, साम्रद, घाटघर, कुठलंही चालेल, सगळी गावं धरणाच्या भोवतीच्या रस्त्यावरच आहेत.

आता कधी यायचं. पावसाळ्यात सगळेच येतात, पण माझं मन मेच्या शेवटच्या आठवड्यात असतं. वळवाचे एक-दोन शिडकावे झाले की काजवे सुरू होतात आणि मोठा पाऊस लागेपर्यंत, म्हणजे साधारण जूनच्या मध्यापर्यंत राहतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर या झाडांवर. आधी चार-दोन ठिपके दिसतात, तुम्हाला वाटतं एवढंच का, मग डोळे अंधाराला सरावतात आणि अख्खं झाड एकदम पेटतं, विझतं, परत पेटतं, आणि शेजारचं झाड त्याच्या पाठोपाठ, जणू एकाने सांगावं आणि दुसऱ्याने ऐकावं. तो उजेड नर मादीला बोलावण्यासाठी करतो. मोठे झाल्यावर त्यांना जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात, त्यातच जोडीदार शोधायचा, अंडी घालायची. आता विचार करा, त्या वेळी कुणी झाडावर टॉर्च मारला तर त्या बिचाऱ्यांना एकमेकांचा उजेड कसा दिसणार? मागच्या वर्षी आमच्या वाडीजवळ एका गाडीवाल्याने हेडलाइट चालू ठेवले, मुलांना नीट दिसावं म्हणून, आणि पाच मिनिटांत ते झाड काळंठिक्कर झालं. लहान पोरगी होती गाडीत, ती रडायला लागली. मी तिला हाताला धरून मागच्या बांधावर नेलं, तिथं उंबरावर होते अजून. तेव्हा गाडी लांब लावा, लाइट बंद, मोबाईल खिशात, आणि झाडाखालच्या गवतात पाय घालू नका, अंडी तिथेच असतात.

पावसाळ्यात यायचंच असेल तर घाटघरला जा, नगरची चेरापुंजी म्हणतात त्याला, कोकणकड्यावर उभं राहिलं की ढग खालून वर अंगावर येतात. पण सांदण दरीत पावसाळ्यात अजिबात उतरू नका, कुणी कितीही नेतो म्हणालं तरी नाही. दोन्ही बाजूला उभे कातळ, मध्ये चिंचोळी वाट, वरून पाणी आलं तर पळायला जागा नाही. सांदण थंडीत करा, साम्रदमधला वाटाड्या घेऊन, त्याच्या घरात चार पैसे जातात आणि तुम्हाला पाणी कुठं कंबरेएवढं असतं ते आधीच कळतं.

आणि सप्टेंबर कुणी धरतच नाही! पाऊस उघडीप देतो, सोनकी फुलते, कळसूबाईच्या अंगावरचे उतार पिवळेधमक होतात. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, बारी गावातून वाट, अवघड ठिकाणी लोखंडी शिड्या आहेत. पहाटे निघा. आमच्या सासूबाई तिची गोष्ट सांगतात, कळसू नावाची पोर पाटलाच्या घरी कामाला राहिली, अट एकच, भांडी घासणार नाही नि केर काढणार नाही. एके दिवशी घरात पाहुणे आले, तिला भांडी घासायला लावली, तिने घासली आणि उठून डोंगरावर निघून गेली ती परत आलीच नाही. जिथे भांडी घासली तो थाळेमेळ वाटेत लागतो. नवरात्रात बायाबापड्या अनवाणी चढतात, सासूबाई गुडघे दुखेपर्यंत दरवर्षी गेल्या.

रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ मात्र घाईत बघू नका. हजारेक वर्षं जुना दगड, बाहेरून बोट फिरवावं इतकं बारीक कोरीवकाम, शेजारी पुष्करणी, मागे रतनगड आणि त्याच्या माथ्यावरचं नेढं, म्हणजे कातळाला आरपार पडलेलं भोक. प्रवरा तिथेच उगम पावते. तीच नदी पुढे आमच्या धरणात अडते, १९१० ला काम सुरू झालेलं धरण १९२६ ला पुरं झालं, आणि पाणी जातं खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या उसाला. जलाशयाला आता आद्यक्रांतिकारक राघोजी भांगरे यांचं नाव आहे, इथल्याच देवगावचे, इंग्रजांनी त्यांना १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. नुसतं ऑर्थर लेक म्हणून फोटो टाकता ना, तेव्हा हे नावही लिहा, आम्हाला बरं वाटतं.

जेवायचं काय, तर इकडे येऊन पनीर मागू नका हो. नागलीची म्हणजे नाचणीची भाकरी, खुरासणीची म्हणजे कारळ्याची चटणी, पिठलं, पावसाळ्यात रानभाज्या, आणि मिळाला तर काळभात, म्हणजे इकडचा जुना वासाचा तांदूळ, शिजताना चुलीपासून ओट्यापर्यंत वास येतो. हे जुनं बियाणं टिकलं त्यात आमच्या तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचे मोठे कष्ट आहेत, २०२० सालची पद्मश्री त्यांची. मुलं बरोबर असतील तर वाट वाकडी करून त्यांची बियाण्यांची बँक दाखवा, वालाच्या शेंगा किती प्रकारच्या असतात ते मुलांना पहिल्यांदाच कळेल.

यायचं कसं तर मुंबईकडून कसारा, इगतपुरी, घोटी, बारी, शेंडी. पुण्याकडून संगमनेर, अकोले, राजूर. रोख पैसे बरोबर ठेवा, रतनवाडीकडे मोबाईलला रेंज मिळत नाही. स्पीकर आणू नका, काठावर रात्री आवाज पाण्यावरून पार पलीकडच्या वाडीपर्यंत जातो, तिथं दिवसभर भात लावून दमलेली माणसं झोपलेली असतात. आणि कुठल्याही घरी उतरणार असाल तरी आदल्या दिवशी फोन करून किती जण ते सांगा, नागली आयत्या वेळी दळून होत नाही.